दौड एका दिवसाची, वर्गणी बारा महिन्यांची

धुळ्यात तीन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूरकडे उतरणारा. या रस्त्यांनी शहराला व्यापार दिला आणि अपघातांचा शेजारही दिला. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. अशा वेळी जखमींसाठी पहिली धाव १०८ च्या गाडीची असते आणि तिचा आधार मोठा आहे. पण डोक्याला जबर मार लागलेला माणूस, मणक्याला इजा झालेला तरुण किंवा दिवस भरण्याआधीच जन्मलेले, श्वासासाठी धडपडणारे बाळ यांना कधी कधी धुळ्याच्याही पुढे न्यावे लागते. नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर, मुंबई सव्वातीनशे. देवपूरपासून जवळच गोंदूरची धावपट्टी आहे, तिथे छोटी विमाने उतरू शकतात. मात्र रुग्णासाठी बोलावलेले विमान आधी मुंबईहून किंवा आणखी दुरून यावे लागते, आणि त्या एका फेरीचा खर्च लाखांत जातो. तो उचलणारी कुटुंबे आपल्या गल्लीत किती, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून ‘एअर ॲम्ब्युलन्ससाठी धावू या, सायकल चालवू या’ असे कुणी म्हटले तर ती कल्पना हसण्यावारी नेऊ नये. ती गंभीरपणे घ्यावी, आणि गंभीरपणे घ्यायची तर तिच्यातली पहिली अडचणही लगेच पाहावी. हवाई रुग्णसेवा ही एकदा विकत घेऊन दारात उभी करायची वस्तू नाही. वैमानिक, प्रशिक्षित डॉक्टर आणि परिचारिका, इंधन, देखभाल, विमा, उपकरणांची तपासणी हे सारे दर महिन्याला पैसा मागते, उड्डाण झाले तरी आणि नाही झाले तरी. एका रविवारच्या दौडीत जमलेली रक्कम कितीही डोळ्यांत भरली तरी ती काही उड्डाणांतच संपेल. तेव्हा आव्हान स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: आपल्याला एका दिवसाची देणगी गोळा करायची नाही, दरमहा देणारी माणसे गोळा करायची आहेत. या लेखातला बाकीचा सगळा सल्ला या एका मुद्द्यातून निघतो.

ब्रिटनचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. तिथे कॉर्नवॉल परगण्यात १९८७ मध्ये पहिली हवाई रुग्णसेवा सुरू झाली. आज इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक भागांत अशी सेवा धर्मादाय संस्था चालवतात, तीही मुख्यतः लोकांच्या पैशावर. त्यांच्यासाठी माणसे मॅरेथॉन धावतात, डोंगर चढतात, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकल चालवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हेच दिसते. पण हेलिकॉप्टर वर्षभर उडते ठेवण्यात दर आठवड्याला एक पौंड देऊन संस्थेच्या सोडतीत नाव राखणाऱ्या हजारो घरांचा वाटा फार मोठा आहे. दौडीमुळे संस्थेचे नाव घरात पोचते आणि त्या नावाला पुढे वर्षानुवर्षे पैसा येत राहतो. इथे एक इशारा देऊन ठेवतो. त्यांची सोडत आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. सरकारमान्यतेशिवाय सोडतीची तिकिटे विकणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. ‘भाग्यवान विजेत्याला मोटारसायकल’ असल्या पावत्या कुणी छापायला निघाले तर तिथेच थांबवा.

सोडत नको, तर मग काय? उत्तर आपल्याच घरात आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काचकारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातली मुले जेवू घातली. दोन्ही ठिकाणी मागणी इतकी लहान होती की नाही म्हणणे अवघड व्हावे, आणि ती पुन्हा पुन्हा केली गेली. आज पैसा गोळा करायला दारोदार फिरावेही लागत नाही. यूपीआयवर दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सोय २०२० पासून आहे, बँकेतही तशी सूचना देता येते. हिशेब मांडून पाहा. चारशे सहभागींनी प्रत्येकी पाच माणसे जोडली आणि प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाला चोवीस लाख होतात. पुढच्या वर्षी कुणीही धावले नाही तरी यातले बरेचसे पैसे येत राहतील.

यावर सर्वांत मोठा आक्षेप असा, की हे काम सरकारचे आहे, लोकांनी का पदरमोड करायची? आक्षेपात तथ्य आहे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली ती सरकारी पैशातून, आणि ती रुग्णाकडून एक रुपयाही घेत नाही. पळासनेरच्या पुढे सीमा ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये हवाई रुग्णसेवा सुरू केली आणि आयुष्मान कार्डधारकांना ती मोफत ठेवली. म्हणजे सेंधव्याच्या गरीब रुग्णाला जे मागता येते ते शिरपूरच्या रुग्णालाही मिळावे, ही मागणी अवास्तव नाही. ती आमदार-खासदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करायलाच हवी. पण मागणी आणि निधी यांत एकच निवडायचे असे कुठे आहे? दरमहा शंभर रुपये देणारे दोन हजार नागरिक निवेदन घेऊन गेले, आणि त्यांच्या हाती वर्षभरात कोणत्या रुग्णाला कुठे न्यावे लागले, किती वेळ लागला, किती खर्च झाला याची नोंद असली, तर ते निवेदन फाइलीत सहज गडप होत नाही. सरकारने सेवा सुरू केली तर उत्तमच, आपला निधी रुग्णासोबतच्या नातेवाइकांच्या प्रवासाला आणि मुक्कामाला लागेल. सरकार आपली जबाबदारी झटकेल या भीतीने आज मदत थांबवणे म्हणजे त्या धोरणाची किंमत आजच्या रुग्णाकडून वसूल करणे, आणि ते मला पटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. पैसे द्यायचे तर सरळ द्या, पाय कशाला दमवायचे? याचे उत्तर माणसाच्या स्वभावात आहे. ओलिव्होला आणि शाफीर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की देणगीसाठी कष्ट सोसावे लागणार असतील तर माणसे सुखासुखी देण्यापेक्षा जास्त द्यायला तयार होतात, आणि कारण माणसांच्या दुःखाशी जोडलेले असेल तर हा परिणाम अधिक ठळक होतो. खान्देशाला हे प्रयोगाने शिकवण्याची गरज नाही. चैत्रात धुळ्या-जळगावहून वणीच्या गडावर शंभराहून जास्त किलोमीटर पायी जाणारी माणसे घरोघरी आहेत. बसने गेले तरी दर्शन तेच होते, तरी ती चालतात, आणि वाटेवरची गावे त्यांना पाणी देतात, जेवू घालतात, कारण समोरचा काहीतरी सोसतो आहे हे दिसते. कष्टाला असे कारण जोडून दाखवणारी आपल्या जवळची माणसे म्हणजे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन. हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणाऱ्या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत जोडीने उतरले आणि नऊ दिवसांच्या आत ती पूर्ण केली. त्यांच्या चमूचे ब्रीद आदिवासींच्या डोळ्यांवरील उपचारांसाठी मदत मिळवणे हे होते. दवाखान्यात काम करणारे दोघे डॉक्टर जिथपर्यंत पोचले तिथपर्यंत प्रत्येकाने जावे असे नाही, पण कष्ट आणि कारण यांची गाठ कशी मारायची ते त्यांच्याकडून घ्यावे. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून हेच मोठ्या प्रमाणावर करते. तिथे स्वयंसेवी संस्थांसाठी आजवर शेकडो कोटी रुपये उभे राहिले आहेत, आणि ते देणाऱ्यांत धावणाऱ्यांपेक्षा त्यांचे मित्र, सहकारी, नातेवाईकच जास्त असतात.

आता मुख्य प्रश्न: पैसे नेमके कशाला वापरायचे? हेलिकॉप्टर विकत घेण्याचे स्वप्न पत्रकावर छापू नका, ते पेलणारे नाही. हवाई स्थलांतराची साखळी खाटेपासून खाटेपर्यंत असते आणि तिच्यातला बराच भाग जमिनीवर असतो. उड्डाणाआधी काय करावे लागते ते जवळून पाहिले म्हणजे हे कळते. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोपने छाती ऐकता येत नाही. जागा इतकी अपुरी, की श्वासनलिकेत नळी घालण्यासारखे काम शक्यतो जमिनीवरच उरकावे लागते. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचली असेल तर उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो, ती हवा फुगते आणि फुप्फुस आणखी दाबले जाते. म्हणून नळी घालून ती आधी काढावी लागते. हे सारे करणारे प्रशिक्षित हात, वाहून नेता येणारा व्हेंटिलेटर, बाळासाठी फिरती उबदार पेटी, रुग्णालयापासून धावपट्टीपर्यंत नेणारी सुसज्ज गाडी, यांतले एक जरी नसले तर विमान असून उपयोग नाही. चोवीस लाखांत हेलिकॉप्टर येत नाही, पण या साखळीतल्या काही कड्या पक्क्या होतात आणि निवडक गरीब रुग्णांच्या उड्डाणखर्चाचा भारही हलका होतो. कोणता रुग्ण हवाई प्रवासाला योग्य आहे हे ठरवण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांच्या समितीकडेच ठेवा. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि खासगी अतिदक्षता विभागांतल्या अनुभवी मंडळींना पहिल्या बैठकीलाच बोलवा. देणगीदाराचा फोन आला म्हणून रुग्ण निवडला गेला, असे एकदा जरी घडले तरी निधीवरचा विश्वास संपेल.

हेलिकॉप्टर श्रीमंतांसाठी आणि धडगाव-मोलगीच्या पाड्यांवरून अजूनही झोळीत घालून माणसे खाली आणतात, असा तिसरा आक्षेप येईल. तो मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो खरा आहे. त्याचे उत्तर निधीच्या नावातच द्यावे. ‘गंभीर रुग्णांचे तातडीचे स्थलांतर, हवेतून आणि रस्त्याने’ असा उद्देश सुरुवातीलाच लिहून घ्या. मग त्याच पैशातून सातपुड्याच्या पायथ्याशी एखादी चांगली गाडी उभी करता येईल, महामार्गावरच्या ढाबेवाल्यांना, पेट्रोलपंपावरच्या मुलांना रक्तस्राव थांबवण्याचे आणि मान न हलवता जखमीला उचलण्याचे प्रशिक्षण देता येईल. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवता येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे. ते लोकांना सांगणे हेही याच कामाचे अंग. उद्देश आधीच व्यापक ठेवण्याचे कायदेशीर कारणही आहे. ज्या कामासाठी पैसे मागितले त्याच कामाला ते लावावे लागतात, आणि उद्देश मागाहून बदलणे सोपे नसते.

आव्हान निवडताना दुसऱ्याचा विक्रम पाहू नका. साठीतल्या बाईंनी चाळीस दिवस रोज पांझरेच्या काठाने पाच किलोमीटर चालणे आणि कॉलेजातल्या मुलाने एका दिवसात लळिंगचा किल्ला चार वेळा चढणे, यांत लहानमोठे काही नाही. देणारा अंतर मोजत नाही, त्या माणसासाठी हे किती अवघड आहे ते पाहतो. सामूहिक दौडीसाठी देवपुरातून नकाणे तलावाकडचा किंवा गोंदूरकडचा रस्ता बरा. महामार्गावर दौड काढू नका, मग नगावबारीपर्यंतचा तुकडा कितीही सोयीचा वाटो. अपघातग्रस्तांसाठी निघालेली माणसे भरधाव ट्रकांच्या बाजूने पळवणे हे त्या हेतूलाच धरून नाही. एप्रिल-मे टाळा, खान्देशातले ऊन बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जाते. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम, फक्त तेव्हाची थंडीही कडक असते, म्हणून अंग गरम करायला वेळ ठेवा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना दाखवून, गरज असेल तर ईसीजी काढूनच नाव नोंदवावे. कधीच न धावलेल्या माणसाने दहा किलोमीटरसाठी तीन-चार महिने द्यावेत: आधी नुसते झपाझप चालणे, मग चालता-चालता थोडे पळणे, आठवड्यातून दोन दिवस विश्रांती. पाण्याबरोबर ओआरएस ठेवा, खायला जळगावची केळी आहेतच. दौडीसाठी लागणारी रुग्णवाहिका एखाद्या रुग्णालयाकडून स्वतंत्र घ्या. १०८ ची गाडी कार्यक्रमाला उभी करून ठेवली तर तेवढा वेळ ती कुणा गरजूची राहत नाही.

पैसे मागणे ही या कामातली सर्वांत अवघडलेली जागा. ‘यथाशक्ती मदत करा’ असा संदेश दोनशे जणांच्या गटात टाकला की दोनशे जण तो वाचतात आणि प्रत्येकाला वाटते, दुसरा देईल. त्यापेक्षा वीस जणांना नाव घेऊन फोन करा. काय करणार आहात, कशासाठी, आणि त्यांच्याकडून महिन्याला नेमके किती हवे आहेत ते स्पष्ट सांगा. ‘काका, मी जानेवारीत दहा किलोमीटर धावतोय, तुम्ही वर्षभर महिन्याला शंभर द्याल का?’ एवढे वाक्य पुरते. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी आलेल्या ऑनलाइन देणग्यांच्या अभ्यासात दिसले आहे, की आधीच्या देणग्या मोठ्या दिसल्या तर नंतरचा माणूसही जास्त देतो. म्हणून यादीच्या वरच्या चार ओळी सर्वांत जवळच्या, हात सैल असणाऱ्या माणसांनी भराव्यात, आणि त्यातली पहिली तुमची स्वतःची असावी. ज्याला महिना जमत नाही त्याचे एकरकमी दोनशेही आदराने घ्या. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले खान्देशी हक्काचे, त्यांचे आईवडील अजून इथेच आहेत. परदेशातल्या नातेवाइकांकडून घेताना मात्र जपून. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी घ्यायला संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची परवानगी लागते, मग तो सख्खा भाचा का असेना.

कायद्याची बाजू कंटाळवाणी वाटली तरी ती आधी उरका. शक्यतो नवी संस्था काढू नका. आधीच नोंदणी असलेला, आरोग्यात काम करणारा, ज्याचे लेखापरीक्षण वेळेवर होते असा न्यास गाठा आणि त्याच्या नावाने वेगळे बँकखाते उघडायला सांगा. नोंदणी नसताना सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळांना ती माहीत असते. त्यांच्यातला जुना खजिनदार या कामात फार उपयोगी पडेल. न्यासाकडे ८०जी ची मान्यता असेल तर जुन्या कररचनेत असलेल्या देणगीदाराला सवलत मिळते, पण दोन हजारांवरच्या रोख रकमेला नाही. तेव्हा रोख टाळलेलीच बरी. एकाही सहभागीच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेऊ नका, ‘माझ्याकडे पाठवा, मी एकत्र करून देतो’ हे प्रामाणिक माणसालाही संशयात आणते. ब्रिटनमध्ये कॅप्टन टॉम मूर या नव्याण्णव वर्षांच्या निवृत्त सैनिकाने २०२० मध्ये चालण्याच्या चौकटीचा आधार घेत अंगणात शंभर फेऱ्या मारल्या आणि तिथल्या आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीसाठी तीन कोटी पौंडांहून जास्त जमले. ते पैसे योग्य जागी गेले. पण त्याच्या नावाने कुटुंबीयांनी काढलेल्या वेगळ्या संस्थेच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि इतक्या निर्मळ प्रयत्नाच्या आठवणीला गालबोट लागले. यातून घ्यायचे ते असे, की दौडीचा टी-शर्ट, मंडप, ध्वनिक्षेपक यांचा खर्च प्रायोजकांकडून वेगळा मिळवावा आणि देणगीतला रुपया त्याला लावू नये. दर तिमाहीला जमा, खर्च आणि रुग्णांची संख्या जाहीर करावी. रुग्णाचे नाव आणि फोटो मात्र देऊ नये, कारण मदत घेतली म्हणून त्याने आपले दुखणे चव्हाट्यावर मांडावे असा करार कुणी केलेला नसतो.

जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या रविवारी दौड ठेवायची असेल तर डॉक्टरांची बैठक आणि न्यासाशी लेखी बोलणी पावसाळ्यातच उरका. गणपती उठले की पोलीस आणि महानगरपालिकेकडे मार्गाचा अर्ज द्या आणि त्याच आठवड्यात सरावाला सुरुवात करा. वणीला पायी जाणाऱ्यांचे जथे, सायकलींचे गट, कॉलेजांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग यांच्याकडे दिवाळीपूर्वी जा. फोनांची यादी डिसेंबरमध्ये हातात घ्या. आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पाय अजून दुखत असतानाच, ज्या प्रत्येकाने होकार दिला होता त्याचा पहिला हप्ता खरोखर खात्यात आला का ते एकेक नाव घेऊन तपासा. ज्यांचा आला नाही त्यांना पुन्हा फोन करा, बहुतेकांचे नुसते राहून गेलेले असते.